उंदीर पडले : घर तपासण्याच्या एका जुन्या विद्येचा इतिहास

आजचे सूत्र दोन शब्दांचे आहे. “उंदीर पडले.” आज हे वाक्य ऐकून कोणी दचकणार नाही; पण आपल्या पणजोबांच्या पिढीला ते रात्री कोणी दारावर येऊन सांगितले असते, तर पहाटेपर्यंत घर रिकामे झाले असते. धान्याची पोती, भांडीकुंडी, तान्ही मुले, गुरेढोरे असे सारे घेऊन माणसे रानात झोपड्या बांधून राहत आणि घराचे दार महिनोन्महिने उघडत नसत.

आता या वाक्यातील क्रियापद पाहा. उंदीर ‘मेले’ असे म्हणत नसत, ‘पडले’ असे म्हणत. इंग्रजी वैद्यकीय अहवालांतही ‘रॅट फॉल’ अशीच संज्ञा आढळते. उंदीर पडण्यासाठी तो आधी वर असावा लागतो. कौलांच्या खाली, आढ्यावर, माळ्यावर, तुळईच्या सांध्यात राहणारा, भिंतीवरून आणि दोरीवरून सहज चढणारा असा एकच उंदीर आपल्या घरांत होता, तो म्हणजे काळा उंदीर. आजारी पडला की त्याची पकड सुटे आणि तो वरून खाली, कधी चुलीपाशी तर कधी अंथरुणावर येऊन पडे. माझ्या मते या एका क्रियापदात प्राण्याची जात, त्याचे राहण्याचे ठिकाण आणि त्याच्या आजाराचे लक्षण अशी तिन्ही निरीक्षणे साठवलेली आहेत. शास्त्राला हीच तीन निरीक्षणे एकत्र जुळवायला दहा-बारा वर्षे लागली, आणि त्या वर्षांत लाखो माणसे गेली. आजचे सूत्र त्या वर्षांविषयी आहे.

सुरुवात मात्र जरा मागून करू. सम्राट जहांगीरच्या आत्मचरित्रात, १६१८-१९ च्या सुमारास आग्रा परिसरात पसरलेल्या साथीच्या वर्णनात, एक विलक्षण प्रसंग येतो. आसफखानाच्या मुलीने तो बादशहाला सांगितला. तिच्या घराच्या अंगणात एक उंदीर आला. तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता. उठे, पडे, कुठे जावे हे त्याला कळेना. तिने एका दासीला सांगून त्याला शेपटीने उचलले आणि मांजरापुढे टाकले. मांजराने आनंदाने झडप घातली आणि लगेच तोंडातून टाकून दिले. पुढे ते मांजर आजारी पडले, त्याची जीभ काळी पडली. काही दिवसांनी ते सावरले. दासीला मात्र गाठ आली आणि ती दगावली. मग त्या घरातील माणसे एकामागून एक पडू लागली आणि थोड्याच दिवसांत सात-आठ जण गेले.

त्याच काळातील मुतमदखान या इतिहासकाराने पंजाबातील साथीविषयी जवळपास हेच लिहून ठेवले आहे. रोग येण्यापूर्वी उंदीर बिळातून वेड्यासारखा बाहेर येतो, दारा-भिंतींवर आपटतो आणि मरतो. ही खूण पटताच घर सोडून जंगलात गेलेली माणसे वाचतात. न जाणारी वाचत नाहीत. जंतू कोणी पाहिला नव्हता, पिसवेचा विचार कोणाच्या मनात नव्हता. तरी घर कसे तपासावे आणि तपासणीनंतर काय करावे, हे १७ व्या शतकात लिहिले गेले होते. हिमालयात गढवाल-कुमाऊँमधील गावकऱ्यांचाही १९ व्या शतकात हाच रिवाज होता : उंदीर मेलेले दिसले की गाव सोडायचे.

येथे एक खबरदारी. या प्रसंगाच्या इंग्रजी भाषांतरात ‘माऊस’ हा शब्द येतो. म्हणून ते बोटभर लांबीचे, धान्याच्या डब्याभोवती फिरणारे पिटुकले जनावर होते असे समजू नये. फारसी ‘मूश’ लहान आणि मोठ्या अशा दोन्ही उंदरांना लागतो, जसा आपला ‘उंदीर’ लागतो. संस्कृत ‘मूष’, फारसी ‘मूश’, लॅटिन ‘मुस’ आणि इंग्रजी ‘माऊस’ ही एकाच कुळातली भावंडे आहेत. लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांना नावे देताना लहान घरउंदीर आणि काळा उंदीर या दोघांनाही ‘मुस’ याच प्रजातीत बसवले. त्यामुळे १९०६ च्या सुमारासचे प्लेगचे अहवाल वाचताना ‘मुस रॅटस’ आणि ‘मुस डेक्युमानस’ अशी नावे भेटली, तर ती अनुक्रमे काळ्या आणि तपकिरी उंदरांची आहेत हे ध्यानात ठेवावे. नावांच्या या घोळात भले भले अडखळतात.

मग ओळखायचे कसे? ही विद्या आजही उपयोगाची आहे, म्हणून जरा थांबू. लहान घरउंदीर पूर्ण वाढला तरी वजनाने साधारण १५ ते २५ ग्रॅम भरतो. त्याची लेंडी तांदळाच्या दाण्याहून लहानच, दोन्ही टोकांना निमुळती. मोठ्या उंदराची लेंडी सेंटिमीटरहून लांब असते. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत शिरतो, म्हणून ‘दार तर बंद होते’ हा युक्तिवाद त्याच्यापुढे चालत नाही. काळ्या उंदराचे पिल्लू आणि लहान जातीचा मोठा उंदीर यांत गफलत होते. तेव्हा पावले आणि डोके पाहावे. पिल्लाची पावले व डोके त्याच्या अंगाच्या मानाने बेढब मोठी दिसतात. काळ्या उंदराची शेपटी डोके-धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षा अधिक लांब, कान मोठे आणि पातळ, मुस्कट टोकदार. तपकिरी उंदीर जाडजूड, त्याची शेपटी आखूड, कान लहान, तोंड बोथट. तो गटारात, जमिनीखाली, गोदामाच्या पायाशी राहतो. घूस वेगळी, ती मोरीच्या कडेने माती उकरून ढीग लावते. आणि चिचुंद्री तर उंदीर नव्हेच. तिचे लांब नाक आणि तो उग्र दर्प एकदा कळला की पुन्हा चूक होत नाही.

आता मुंबईत येऊ. २३ सप्टेंबर १८९६. मांडवी हा बंदराला लागून असलेला, धान्याच्या वखारींनी गच्च भरलेला भाग. तेथील एका रुग्णाला तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. व्हिएगस मूळचे गोव्यातील हडफड्याचे. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत येर्सँ आणि कितासातो यांनी प्लेगचा जंतू शोधला होता आणि येर्सँने मेलेल्या उंदरांतही तो पाहिला होता. मांडवीच्या वखारींतही उंदीर मरत होते आणि ते अधिकाऱ्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. पण उंदीर हा रोगाचा आणखी एक बळी आहे, मूळ विष जमिनीत, घाणीत, कोंदट हवेत आहे, असाच बहुतेकांचा समज होता.

समज असा, म्हणून उपायही तसेच. गटारांत कार्बॉलिक ॲसिड आणि समुद्राचे पाणी सोडण्यात आले, भिंतींना चुना फासण्यात आला, कौले काढून घरात ऊन पाडण्यात आले. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर तशी इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. गटारे धुतल्याने आणि घरे उपसल्याने उंदीर मरण्याऐवजी शेजारच्या घरांत पांगले असावेत, असे नंतरच्या अभ्यासकांनी म्हटले आहे. लाखो माणसे शहर सोडून गेली. त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही कोकणात, देशावर, गुजरातेत पोहोचला.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. मार्चमध्ये पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँडच्या प्लेग कमिटीने घरझडत्या सुरू केल्या. त्या इतिहासाचा राजकीय भाग आपल्याला पाठ आहे : सोजिरांनी देवघरापर्यंत आणि माजघरापर्यंत शिरणे, स्त्री-पुरुषांची उघड्यावर तपासणी, सामानाची जाळपोळ, २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या, त्याच रात्री आयर्स्टचा आणि ३ जुलैला रँडचा मृत्यू. याच साथीत, रुग्णांची सेवा करताना, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. या घटनांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे एकच गोष्ट विचारतो. त्या झडत्यांत शोध कशाचा होता?

शोध माणसांचा होता. लपवलेला रुग्ण, गुपचूप पुरलेले प्रेत, गाठ आलेली जांघ किंवा बगल. सैनिक माळ्यावर चढत ते तेथे कोणी आजारी माणूस दडवला आहे का, हे पाहण्यासाठी. आणि तो माळाच उंदराचे घर होता. ज्या जागेत शिरून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला, त्याच जागेत खरा पुरावा होता. तो शोधण्याची सूचना मात्र त्यांना नव्हती. झडतीचा जाच केवळ तिच्या पद्धतीत नव्हता. रुग्ण सापडेपर्यंत त्या घरातील उंदीर मरून गेलेले असत आणि त्यांच्या पिसवा मोकळ्या सुटलेल्या असत, म्हणजे झडती मुळातच फार उशिरा होत होती. हे कटू सत्य राजकीय इतिहासात सहसा येत नाही.

तेव्हा पिसवेकडे वळू. पॉल-लुई सिमाँ हा पाश्चर संस्थेचा फ्रेंच डॉक्टर १८९७ मध्ये मुंबईत आला. रुग्णांच्या अंगावर त्याला कधीकधी एक बारीकसा फोड दिसे, चाव्यासारखा. नुकताच मेलेला उंदीर हाताळणारा माणूस आजारी पडतो, पण बराच वेळ आधी मेलेला उंदीर उचलणाऱ्याला काही होत नाही, हेही त्याच्या लक्षात आले. असे काय आहे जे ताज्या प्रेतावर असते आणि थंड झालेल्या प्रेतावरून निघून जाते? जून १८९८ मध्ये कराचीच्या एका हॉटेलात त्याने मोठ्या काचेच्या बरणीत प्लेगने आजारी उंदीर ठेवला. पिसवा पुरेशा नव्हत्या, म्हणून हॉटेलातील मांजराच्या अंगावरून आणखी पकडून सोडल्या. मग जाळीच्या लहान पिंजऱ्यात निरोगी उंदीर, पहिल्याला स्पर्श होणार नाही असा, वर टांगला. आजारी उंदीर मेला; काही दिवसांनी निरोगीही प्लेगने मेला. सिमाँने हे त्याच वर्षी छापले.

आणि कोणी मानले नाही. सरकारने नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने रक्त शोषणाऱ्या कीटकांचा या रोगाच्या प्रसाराशी संबंध नाही, असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा वाचताना संताप येतो. पण न्यायाने सांगायचे तर सिमाँचे प्रयोग थोडे होते आणि इतरांना ते सहजासहजी साधत नव्हते. पिसवांच्या अनेक जाती असतात आणि प्रत्येक जात प्लेग सारख्याच सहजतेने पसरवत नाही, हे तेव्हा स्पष्ट नव्हते. नेमकी पिसू ओळखणे हे उंदीर ओळखण्याइतकेच महत्त्वाचे ठरणार होते. ती जात चार्ल्स रॉथशिल्डने १९०३ मध्ये सुदानातील नमुन्यांवरून वर्णिली आणि पिरॅमिड बांधणाऱ्या फॅरोच्या नावावरून तिला ‘किऑपिस’ म्हटले.

पुढचा धागा मुंबईतच आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा १८९९ पासून चालत होती. १९२५ पासून आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईतच तयार करून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्याच प्रयोगशाळेतील ग्लेन लिस्टन यांनी १९०३ मध्ये मुंबईतील एका चाळीवर लक्ष ठेवले. आधी चाळीत उंदीर मरू लागले. काही दिवसांत रहिवासी पिसवांनी हैराण झाले. मग माणसांना गाठी आल्या. लिस्टन यांनी त्या रहिवाशांच्या अंगावरील पिसवा पकडून तपासल्या, तर जवळजवळ निम्म्या उंदराच्या निघाल्या. एरवी माणसाच्या अंगावर उंदराची पिसू क्वचितच सापडते. यजमान मेल्यावर उपाशी पिसवा माणसाकडे वळतात, हे त्यातून उलगडले. लिस्टन यांनी हे निष्कर्ष बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या श्रोत्यांपुढे मांडले आणि तिच्या नियतकालिकात छापले.

१९०५ मध्ये नवा संशोधन आयोग परळला कामाला लागला, आणि येथून पुढे घराची तपासणी या शब्दाचा अर्थच पालटला. सोजिरांच्या जागी गिनीपिग आले. ज्या घरात प्लेगचा मृत्यू झाला, त्या रिकाम्या खोलीत एखादा गिनीपिग रात्रभर मोकळा सोडायचा. सकाळी त्याला उचलून, त्याच्या अंगावरील पिसवा विंचरून मोजायच्या आणि त्यांची जात पाहायची. गिनीपिग म्हणजे चालता-फिरता सापळा. काही दिवसांत तोही प्लेगने मेला, तर घर दूषित आहे हे सिद्ध. कोणाच्या देवघराला हात लावावा लागत नव्हता, कोणाला अंगणात उभे करावे लागत नव्हते.

आयोगाने आवारात प्रयोगासाठी छोट्या खोल्याही बांधल्या. काहींवर साधी देशी कौले घातली, कारण त्यांच्या फटींत उंदीर घरटे करतात. काहींची छपरे उंदरांना थारा न देणारी केली. आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले, पण पिसवा नाहीत, तर रोग पसरला नाही. काही पिंजरे जमिनीपासून दोन फुटांवर टांगले, काही अवघ्या दोन इंचांवर. खालच्या पिंजऱ्यातील प्राणी मेले, वरचे वाचले, कारण उंदराची पिसू चारपाच इंचांहून फार उंच उडी मारू शकत नाही. पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला तरी आतला प्राणी वाचे, कारण पिसवा कागदाला चिकटून बसत. खाटेवर झोपणारा आणि जमिनीवर अंथरूण टाकणारा यांच्या नशिबातला फरक या प्रयोगात इंचांत मोजला गेला, असे मला ते वाचताना वाटले.

दरम्यान शहरभरातून आणि शीव, वडाळा, परळ, वरळी या तेव्हाच्या खेड्यांतून उंदीर गोळा होत होते. मेलेले आणि पकडलेले, प्रत्येकाची जात व सापडल्याची जागा नोंदलेली. मग त्या नोंदी दिनदर्शिकेवर मांडल्या आणि एक साखळी दिसली. आधी गटारातील तपकिरी उंदरांत साथ येते. साधारण दहा दिवसांनी ती घरातील काळ्या उंदरांत शिरते. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी माणसे आजारी पडतात. तपकिरी उंदीर शहराच्या पोटातला, काळा उंदीर आपल्या डोक्यावरचा; पिसू या दोघांमधून आपल्यापर्यंत येते. लहान घरउंदराचा या कथेतील वाटा किरकोळ ठरला.

दोन आठवडे! सारे रहस्य या अंतरात होते. ‘उंदीर पडले’ म्हणून रानात गेलेला शेतकरी हेच दोन आठवडे वापरत होता. पुढे सरकारी यंत्रणेनेही गाव रिकामे करणे हा सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक असल्याचे मान्य केले. मात्र लोकविद्येचे आंधळे कौतुकही करू नये. ती वस्ती सोडायला सांगे, पण सोबत कोणते गाठोडे नेऊ नये हे सांगत नसे. दुसऱ्या गावच्या नातलगाकडे धान्य आणि गोधड्या घेऊन जाणारे कुटुंब पिसवाही घेऊन जाई. रानातील झोपडी आणि सोयऱ्याचे घर यांतला भेद लोकांना सर्वत्र उमगला होता असे नाही. १८९६ पासूनच्या पाव शतकात हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीच्या आसपास माणसे नेली. एकट्या १९०७ साली सुमारे १३ लाख.

नोंद ठेवण्याची ही रीत मुंबईत टिकली. महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक आजही विजेरी आणि काठी घेऊन बाजारांतून फिरतात.

आणि हे शब्द पुन्हा एकदा मराठवाड्यात ऐकू आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. बीड जिल्ह्यातील मामला गावातही भीतीने माणसे पक्की घरे सोडून बाहेर तात्पुरत्या निवाऱ्यांत राहू लागली आणि धान्य मात्र त्या सोडलेल्या घरांतच राहिले. उंदरांना असे राज्य पूर्वी कधी मिळाले नव्हते. पावसाळ्यापर्यंत ते बेसुमार वाढले. ऑगस्ट १९९४ च्या पहिल्या आठवड्यात गावकऱ्यांनी तक्रार केली की घरांत पिसवांचा सुळसुळाट झाला आहे आणि उंदीर पडत आहेत. गाठीच्या तापाचे पहिले रुग्ण त्याच महिन्याच्या अखेरीस नोंदवले गेले.